दोन वर्षांची ठेव



गेल्या जून महिन्यात आम्ही उभयता अमेरिकेत, यूटा राज्यात, मुलीकडे होतो. सॉल्ट लेक सिटीच्या एका उपनगरात तिचे घर आहे. एके दिवशी टळटळीत दुपारी दारावरची घंटा वाजली. दार उघडले तो समोर दोन तरुण उभे. पांढरा शुभ्र सदरा, टाय, नीट इस्त्री केलेली विजार आणि खिशावर काळी नामपट्टी. चेहरे उन्हाने लाल झालेले. अंगणात दोन सायकली टेकवून ठेवलेल्या. पाच मिनिटे बोलता येईल का, असे त्यांनी अदबीने विचारले. जावई आतूनच म्हणाले, "पप्पा, नको म्हणून सांगा. धर्मप्रचारवाले आहेत, नेहमी येतात."

मी मात्र दार लावू शकलो नाही. त्याचे कारण धुळ्यात आहे.

१९८२ साली मी बँकेत नोकरीस लागलो आणि पहिलीच नेमणूक धुळ्याला झाली. फेब्रुवारी-मार्च आला की ठेव संकलनाची मोहीम निघे. शाखेतील आम्ही दोघे नवखे हातात खाते उघडण्याचे अर्ज घेऊन आग्रा रोडच्या दोन्ही अंगांच्या गल्ल्या पालथ्या घालीत असू. धुळ्याच्या जुन्या वस्तीतील गल्ल्यांना क्रमांक आहेत, त्यामुळे कामाची वाटणी सोपी होती. आज चार नंबरची गल्ली, उद्या पाच नंबरची. दारे उघडत आणि बहुतेक लगेच मिटत. "मालक घरी नाहीत," हे वाक्य मालकांच्याच तोंडून ऐकण्याचा प्रसंगही आला. एका माउलीने आम्हां दोघांना ओट्यावर बसवून माठातले पाणी दिले. खाते तिने उघडले नाही, परंतु चाळीस वर्षे झाली तरी त्या पाण्याची चव माझ्या लक्षात आहे. उन्हात दारोदार फिरणाऱ्या मनुष्याला मी त्यामुळे कधी परत पाठवीत नाही.

ते दोघे आत आले. मुलीने सवयीप्रमाणे चहा टाकला. तेव्हा त्यांतील एकजण संकोचून म्हणाला, "आम्ही चहा घेत नाही. कॉफीही नाही. पाणी चालेल." आमच्या सौ.ना मनापासून हसू आले. परक्याच्या घरी "हे चालत नाही, ते चालत नाही" असे सांगण्याची वेळ आयुष्यभर आपल्यावर येते, आज ती पाहुण्यावर आली होती. त्यांनी पाणी घेतले, खाकरा खाल्ला, आणि आमचा परिचय सुरू झाला.

हे तरुण मॉर्मन पंथाचे. पंथाचे अधिकृत नाव लांबलचक आहे, 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. १८३० साली न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ यांनी तो स्थापन केला. त्याच वर्षी त्यांनी प्रसिद्ध केलेल्या 'बुक ऑफ मॉर्मन' या ग्रंथावरून लोक अनुयायांना मॉर्मन म्हणू लागले. १८४४ मध्ये जमावाने स्मिथ यांची हत्या केली. त्यानंतर ब्रिगहॅम यंग यांच्या नेतृत्वाखाली अनुयायी पश्चिमेकडे निघाले आणि १८४७ मध्ये या खाऱ्या सरोवराकाठच्या ओसाड खोऱ्यात येऊन स्थिरावले. या पंथात बहुपत्नीत्व होते. त्यावरून फार टीका झाली आणि १८९० मध्ये पंथाने ती चाल अधिकृतपणे सोडली. दारू, तंबाखू, चहा व कॉफी वर्ज्य आहेत. उत्पन्नाचा दहावा हिस्सा पंथाला द्यावा आणि महिन्यातून एका रविवारी दोन वेळचे जेवण सोडून वाचलेला पैसा गरिबांसाठी द्यावा, असा नियम आहे. उपवासाचा पैसा बाजूला काढण्याची ही रीत मला फार आवडली. आपल्याकडे उपवास मोठे होतात, पण न जेवल्याने वाचलेल्या रकमेची नोंद सहसा कुणी ठेवीत नाही.

त्या दोघांच्या नामपट्टीवर आडनावापूर्वी 'एल्डर' हा शब्द होता. त्याचा अर्थ वडीलधारा. एक वडीलधारा एकोणीस वर्षांचा, आयडाहोतील बटाटे पिकविणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा. दुसरा वीस वर्षांचा, दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाचा, अडखळत इंग्रजी बोलणारा. या पंथातील मुलगे अठरा वर्षांचे झाले की दोन वर्षांसाठी प्रचारकार्याला निघतात. मुलीही जातात, त्यांची मुदत दीड वर्षाची. जावे कोठे, हे आपण ठरवायचे नसते. अर्ज करायचा, मुख्यालयाकडून पत्र येते, आणि त्या पत्रात ज्या देशाचे नाव असेल तेथे निघायचे. भाषा येत नसेल तर आधी काही आठवडे प्रशिक्षण केंद्रात बसून ती शिकायची. यूटातील प्रोव्हो येथील केंद्रात पन्नासहून अधिक भाषा शिकविल्या जातात.

महिनाभरात ते आमच्याकडे चार वेळा आले. माझा पंथ बदलणार नाही हे त्यांना पहिल्याच दिवशी कळले होते आणि मीही ते स्पष्ट सांगितले होते. तरीही ते येत, कारण आमच्या घरी त्यांना बसायला मिळे. मी त्यांना त्यांच्या आठवड्याविषयी विचारीत असे. बँकेतील तपासणी अधिकाऱ्याची खोड निवृत्तीनंतरही जात नाही.

त्यांचा सोमवार हा तयारीचा दिवस. कपडे धुणे, आठवड्याचा बाजारहाट, केस कापणे आणि घरी फोन. २०१९ च्या फेब्रुवारीपूर्वी घरी फोन करण्यास वर्षातून दोनदाच परवानगी असे, नाताळला आणि मातृदिनाला. एरवी पत्रे किंवा ई-मेल. आता आठवड्यातून एकदा बोलता येते. आयडाहोचा मुलगा म्हणाला, "माझ्या थोरल्या भावाच्या वेळी आई दोन फोनांवर वर्ष काढायची. आता दर सोमवारी ती स्वयंपाकघरात फोन समोर ठेवून बसते."

मंगळवारपासून कामाचे दिवस. सकाळी साडेसहाला उठणे, अर्धा तास व्यायाम, न्याहारी, मग आठच्या सुमारास ग्रंथाभ्यास. आधी एकट्याने, नंतर दोघांनी मिळून. दहाच्या सुमारास घराबाहेर. नऊ वाजता परत, दुसऱ्या दिवसाची आखणी आणि साडेदहाला दिवे बंद. चित्रपट नाही, दूरचित्रवाणी नाही, मुलींशी मैत्री नाही. हातात फोन असतो, पण कामापुरता. आठवड्यातून एकदा परिसरातील प्रचारक एकत्र बसून कामाचा आढावा घेतात आणि वरिष्ठांना साप्ताहिक पत्र लिहावे लागते. हे ऐकून मला आमच्या विभागीय कार्यालयाला दर शनिवारी पाठविलेली प्रगतिपत्रके आठवली.

सर्वांत कडक नियम जोडीदाराचा. प्रचारक कधीही एकटा फिरत नाही. दोघांनी सदैव एकमेकांच्या नजरेच्या आणि आवाजाच्या टप्प्यात राहायचे. जोडीदार आपण निवडत नाही आणि दर काही आठवड्यांनी तो बदलू शकतो. जळगावहून एरंडोल, पारोळामार्गे धुळ्याकडे विहार करणाऱ्या साध्वीजी आपण पाहतो, त्याही एकट्या नसतात. पण तेथे वर्षानुवर्षांचा सहवास आणि गुरुणींची छाया असते. येथे एकोणीस वर्षांच्या मुलाला एका अनोळखी मुलासोबत एका खोलीत राहायचे असते. "भांडण होते का?" असे मी विचारले. पेरूचा मुलगा हसून म्हणाला, "होते. पण कुठे जाणार? अर्ध्या तासात दोघांना बरोबरच बाहेर पडायचे असते."

आठवड्यात काही तास निव्वळ सेवेचे असतात. कुणा वृद्धाच्या बागेतील गवत काढणे, स्थलांतरितांना इंग्रजी शिकविणे, घर बदलणाऱ्यांचे सामान उचलणे. माझ्या मुलीच्या शेजारच्या कुटुंबाने घर बदलले, तेव्हा हे दोघे टाय काढून, बाह्या सरसावून कपाटे उचलीत होते. त्या कुटुंबाचा त्यांच्या पंथाशी काहीच संबंध नव्हता.

रविवारी सकाळी प्रार्थनासभा. तेथे प्रसाद म्हणून पाव आणि पाणी देतात. अन्य ख्रिस्ती पंथांत बहुधा द्राक्षासव असते, यांच्याकडे पाणी. दुपारनंतर पुन्हा भेटीगाठी. असे एकशे चार आठवडे.

मग मी बँकवाल्याचा प्रश्न विचारला, खर्च कोण करते? उत्तर ऐकून थक्क झालो. खर्च त्यांचा त्यांनीच करायचा. अमेरिकेतील मुलाने दरमहा सुमारे पाचशे डॉलर भरायचे, म्हणजे दोन वर्षांचे बारा हजार डॉलर, आपल्या हिशेबाने दहा लाख रुपयांच्या घरात. रक्कम एका सामाईक निधीत जाते. टोकियोसारख्या महागड्या शहरात जाणाऱ्याने आणि स्वस्त देशात जाणाऱ्याने सारखीच भरायची, म्हणजे ज्याच्या नशिबी महाग शहर आले त्याच्या कुटुंबावर बोजा पडत नाही. जोखीम वाटून घेण्याचे तत्त्व मी चाळीस वर्षे वापरले, पण असा उपयोग पाहिला नव्हता. आयडाहोच्या मुलाने सांगितले, की आठव्या वर्षापासून त्याच्या खोलीत तीन डबे होते. एक दशमांशाचा, एक प्रचारकार्याचा आणि एक स्वतःच्या खर्चाचा. शेतात काम करून मिळालेली मजुरी तो या तीन डब्यांत वाटून टाकी. त्याचे दोन वर्षांचे जाणे हा घरासाठी अकस्मात बसलेला धक्का नव्हता. दहा वर्षे आधीपासून घराच्या अंदाजपत्रकात ते धरलेले होते.

आणि फळ किती? २०२४ च्या अखेरीस जगभर असे सुमारे ७४ हजार प्रचारक होते आणि त्या वर्षी पंथात आलेले नवे लोक तीन लाख आठ हजारांच्या आसपास. म्हणजे एका प्रचारकामागे वर्षाला सरासरी चार माणसे. रोज सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत हिंडून वर्षाला चार! एवढ्या वसुलीवर कोणत्याही बँकेने शाखा बंद केली असती. मी हे आकडे त्यांच्यापुढे मांडले तेव्हा आयडाहोचा मुलगा म्हणाला, "मला आठ महिन्यांत एकही नाही." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, परंतु नंतर तो बराच वेळ खाकऱ्याचे तुकडे करीत बसला.

या पंथाचे पाऊल आपल्या महाराष्ट्रातही पडून गेले आहे, हे मला नंतर वाचनात आढळले. १८५२ साली ह्यू फिंडले नावाचे स्कॉटिश प्रचारक मुंबईत उतरले. पुढे ते पुण्याला गेले. छावणीतील लष्करी अधिकाऱ्यांचा विरोध त्यांनी सोसला. 'हिंदुस्थानातील मराठ्यांना' उद्देशून त्यांची एक पुस्तिका १८५५ साली मुंबईत छापली गेली. रेल्वे नुकतीच बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत पोहोचली होती, त्या काळातील ही गोष्ट. हाती मूठभर माणसे लागली आणि ते परत गेले. त्यानंतर दीर्घ काळ येथे या पंथाचा मागमूस नव्हता. १९९३ साली त्याच्या भारतातील कामाचे केंद्र बंगळूरला सुरू झाले. आपल्या खानदेशात मात्र मी त्यांना कधी पाहिलेले नाही.

खानदेशाला ख्रिस्ती मिशनऱ्यांची ओळख आहे ती दुसऱ्या मंडळींमुळे. विसाव्या शतकाच्या आरंभी स्कँडिनेव्हियन वंशाच्या अमेरिकन मिशनऱ्यांनी पश्चिम खानदेशात काम सुरू केले. नवापूरजवळच्या चिंचपाड्याला १९४२ पासून मिशनचे रुग्णालय आहे. धुळ्याच्या नोकरीत मी त्या भागात कर्जवसुलीसाठी जात असे. तेव्हा नंदुरबार जिल्हा वेगळा झालेला नव्हता, तो १९९८ साली झाला. कुणाच्या घरी बाळंतपण अडले किंवा साप चावला, की पहिले नाव त्या रुग्णालयाचे निघे. ते कोणत्या पंथाचे, हा प्रश्न त्या क्षणी कुणी विचारीत नसे.

येथे एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगावयास हवी. दुसऱ्याला आपल्या पंथात ओढणे हा या मुलांच्या कार्याचा मुख्य हेतू आहे आणि तो मला मान्य नाही. अनेकान्त मानणाऱ्या मनुष्याला "सत्य परिपूर्ण रूपात आमच्याकडेच आहे" हे वाक्य पेलत नाही. तसे मी त्यांना सांगितलेही. सात आंधळे आणि हत्ती यांची गोष्ट सांगितली. पेरूचा मुलगा म्हणाला, "पण हत्ती तर एकच आहे ना?" मी म्हणालो, "हत्ती एकच. पण शेपटी धरणाऱ्याने सोंड धरणाऱ्याला आपल्या बाजूला ओढू नये." त्यावर तिघेही हसलो. एवढ्या मतभेदासह मैत्री राहिली. नियमांची कठोरता सर्वांना पेलत नाही, हेही त्यांनी प्रांजळपणे सांगितले. काही मुले आजारपणामुळे किंवा मन उदास झाल्यामुळे मध्येच घरी परततात आणि मग गावात लोकांच्या नजरा त्यांना टोचतात. स्वखुशीने दिलेल्या दानाची सक्ती झाली की त्याचे ओझे होते, हे तेथेही खरेच आहे.

हे सर्व मी आज का लिहीत आहे? कारण त्या मुलांशी बोलताना माझ्या डोळ्यांसमोर वारंवार जळगावचा एक मुलगा येत होता.

माझ्या पुतण्याचे दाणा बाजारात दुकान आहे. तीन वर्षांपूर्वी त्याचा मुलगा बी.कॉम. झाला. निकाल लागल्यावर आठ दिवसांनी त्याने घरात सांगितले, की धडगावकडे सातपुड्यात आदिवासी मुलांची एक निवासी शाळा आहे, तेथे त्याला वर्षभर राहून गणित शिकवायचे आहे. मित्राबरोबर तो एकदा तेथे जाऊन आला होता. घरात गहजब झाला. आई रडू लागली. पुतण्याने मला फोन केला, "काकासा, तुम्ही बँकेतले. त्याला हिशेब समजावून सांगा. तुमचे तो ऐकेल."

मी धुळ्याहून पहिल्या बसने जळगावला गेलो. दुकानातल्या गादीवर बसून, गिऱ्हाइकांना भाव लिहून देतात त्या कोऱ्या चिठ्ठ्यांच्या मागे मी हिशेब मांडला. एक वर्षाचे उत्पन्न बुडणार. सी.ए.ची परीक्षा वर्षभर लांबणार. पुढे नोकरी धरायची झाली तर मुलाखतीत मधल्या वर्षाचा खुलासा द्यावा लागणार. सोयरिकीच्या बोलण्यात "मुलगा वर्षभर कुठे होता?" असे विचारले जाणार. त्या वर्षी दुकानात घातलेल्या भांडवलाचे वीस वर्षांनी किती झाले असते, तेही चक्रवाढ व्याजाने काढून दाखविले.

तो मुलगा एकदाच बोलला. "दादाजी, साने गुरुजी आपल्याच जिल्ह्यात, अमळनेरला, सहा वर्षे शाळेत शिकवत होते. मी एकच वर्ष म्हणतो आहे."

मी म्हणालो, "बेटा, तो काळ वेगळा होता."

त्यावर तो काही बोलला नाही. चिठ्ठी घडी करून त्याने खिशात ठेवली. दुसऱ्या दिवसापासून तो दुकानात बसू लागला. घरच्यांनी माझे आभार मानले. त्याच्या आईने मला निघताना शेवेचा डबा दिला. आज तो उत्तम व्यापारी आहे, खरेदीची त्याची नजर बापापेक्षा तीक्ष्ण आहे. परंतु त्या विषयावर तो पुन्हा कधी बोलला नाही, आणि पूर्वी माझ्याशी ज्या मोकळेपणाने बोलत असे, तसेही कधी बोलला नाही.

माझ्या हिशेबात बेरजेची चूक नव्हती. मात्र त्यात फक्त नावे बाजू होती. जमा बाजूला काय लिहायचे, हे मला ठाऊक नव्हते म्हणून मी ती कोरी ठेवली आणि मुलाला वाटले की ती शून्य आहे. ज्या हॉटेलांची नावे आज जगभर झळकतात, त्या मॅरियट समूहाचे संस्थापक जे. विलार्ड मॅरियट तरुणपणी दोन वर्षे असेच प्रचारक म्हणून हिंडले होते. व्यवस्थापनावरील ज्यांचे पुस्तक आपल्या अनेक तरुणांच्या टेबलावर असते, ते स्टीफन कोवी इंग्लंडमध्ये याच कामासाठी गेले होते. दोन वर्षे दिल्याने त्यांचा व्यवसाय बुडाला नाही. नकार ऐकणे, परक्या भाषेत बोलणे, न आवडणाऱ्या सोबत्याबरोबर राहणे, मोजक्या पैशात महिना काढणे, हे शिक्षण आपण मुलांना लाखो रुपये शुल्क भरून देऊ पाहतो. तरीही मी म्हणेन, की पुढे फायदा होतो म्हणून वर्ष द्यावे हा विचार अपुरा आहे. धडगावच्या त्या शाळेत वर्षभर गणित शिकायला मिळाले असते, अशी काही मुले होती. माझ्या चिठ्ठीवर त्यांचा उल्लेखही नव्हता.

आपल्या समाजाला त्याग अपरिचित नाही. जगात क्वचितच कुठे असेल असा त्याग आपल्या साधू-साध्वींमध्ये आपण रोज पाहतो. दीक्षेचा वरघोडा निघाला की आपण फुले उधळतो. पण तो जन्मभराचा त्याग असतो आणि बहुधा दुसऱ्याच्या घरचा. मधली एखादी पायरी, काही काळ देऊन परत संसारात येण्याची, आपल्याकडे फारशी रूढ नाही. मूर्तिपूजक परंपरेतील सत्तेचाळीस दिवसांचे उपधान तप हे तिचे एक सुंदर उदाहरण आहे. पहाटे उठून विहारसेवेला जाणारे तरुणही आहेत. हेच सूत्र थोडे पुढे नेता येणार नाही का? प्रचारासाठी नव्हे, पंथवाढीसाठी तर नव्हेच. एखादी दुर्गम शाळा, एखादे रुग्णालय, एखादी पांजरापोळ, यांसाठी सहा महिने, एक वर्ष. त्या मॉर्मन घरांकडून घ्यायचे ते इतकेच, की मूल आठ वर्षांचे असतानाच घराने हे वर्ष धरून ठेवावे, त्यासाठी पैसा बाजूला काढावा, त्याला एकट्याला न पाठविता जोडीने पाठवावे, दर आठवड्याला त्याचा फोन यावा, आणि तो मध्येच परत आला तर कुणी त्याला टोचून बोलू नये. असे ठरलेले असेल तर बी.कॉम. झालेल्या मुलाला वडिलांपुढे चाचरत उभे राहावे लागणार नाही आणि आईवरही रडण्याची पाळी येणार नाही.

ऑगस्टमध्ये आम्ही परतलो. पर्युषण आले. दर संवत्सरीला आपण सर्वांना "मिच्छामि दुक्कडं" म्हणतो. हल्ली तर एक संदेश तयार करून तीनशे जणांना पाठवितो. त्या मुलालाही मी गेली दोन वर्षे तो पाठवीत होतो आणि त्याचेही उत्तर येत होते. यंदा मी जळगावला गेलो. दुपारची वेळ होती, दुकानात गर्दी नव्हती. त्याच गादीवर बसून मी म्हणालो, "तीन वर्षांपूर्वी येथे बसून मी तुला एक हिशेब दिला होता. तो अर्धा होता आणि मी तो पूर्ण म्हणून दिला. त्याबद्दल मिच्छामि दुक्कडं."

तो गडबडला. "दादाजी, काय हे? मी केव्हाच विसरलो," असे म्हणत त्याने पोऱ्याला चहा सांगितला. मी त्याला त्या दोन सायकलवाल्या मुलांची हकीकत सांगितली. तो वजनकाट्याकडे पाहत ऐकत राहिला. चहा आला, पिऊन झाला. एक गिऱ्हाईक येऊन तूरडाळीचा भाव विचारून गेले. मग त्याने हळूच विचारले, "ती मुले रोज साधारण किती घरी जातात?"

तो विसरलेला नव्हता.

त्याला आता दुकान सोडून वर्षभर जाता येणार नाही, हे त्यालाही कळते आणि मलाही. तरीही दिवाळीनंतर आठ दिवस धडगावला जाऊन येण्याचे त्याने ठरविले आहे आणि या वेळी वडिलांनी कोणताही आक्षेप घेतलेला नाही. त्याची धाकटी बहीण यंदा अकरावीत आहे. तिच्या नावे मी बँकेत एक आवर्ती ठेव उघडली आहे. पाच वर्षांची मुदत आहे, ती पदवीधर होईल तेव्हा पूर्ण होईल. अर्जावर ठेवीचा उद्देश लिहिण्याची जागा नसते. म्हणून तो मी तिच्या आईवडिलांना तोंडी सांगून ठेवला आहे. त्या वर्षी तिला कोठे जायचे असेल, ते तिने ठरवावे. जायचे नसेल तर पैसे तिचेच आहेत.

वाचकहो, आपल्या घरातही एखादा मुलगा, एखादी मुलगी असे काही विचारण्याच्या बेतात असेल. त्या वेळी घरातील माझ्यासारख्या बँकवाल्याला जरूर बोलवा. परंतु त्याने मांडलेल्या हिशेबाची दुसरी बाजू कोरी असेल, तर तो कागद त्या मुलाच्या हाती देऊ नका.